खुंटावरच्या तपकिरी छत्र्या

२ ऑक्टोबर, रविवार

येना शहराभोवती चुनखडीचे पांढरे कडे आहेत. पूर्वेला अर्धा तास गाडी हाकली की जमीन बदलते, वाळूखडक लागतो आणि होल्झलांडची स्प्रूस-पाइनची जंगलं सुरू होतात. २०१८ पासूनच्या लागोपाठच्या कोरड्या उन्हाळ्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या सालकिड्यांनी थुरिंगियातले स्प्रूस उभ्या उभ्या वाळवले. वाळलेले कापून नेले, खुंट मागे राहिले. शेवाळाने झाकलेला, बोट दाबलं तर आत जाईल असा खुंट म्हणजे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची सुगी.

आज मशरूम मंडळाची फेरी होती. आमचे सल्लागार सत्तरी ओलांडलेले, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेले. वहीत मी त्यांना आजोबा म्हणते. समोर अर्थातच आडनावाने, आणि ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ लावून. जर्मनीत असे सल्लागार गावोगावी आहेत. टोपली घेऊन जा, ते एकेक बघून सांगतात. पूर्व जर्मनीच्या काळात तर जिल्ह्याजिल्ह्याला नेमलेले असत, आणि त्या काळाबद्दल आजोबा ज्या मोजक्या गोष्टी कौतुकाने सांगतात त्यांत ही एक.

लोक शोधत होते पिवळ्या शांटरेल आणि जाड देठाच्या श्टाइनपिल्झ. आजोबा मात्र एका शेवाळलेल्या खुंटापाशी गुडघे टेकून बसले. चार-पाच लहान छत्र्या. टोपी रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, मधाच्या रंगाची, ओलीचिंब, कडेला आतले कल्ले रेघांसारखे दिसणारे. देठ बारीक, त्यावर पातळसं वळं. मनुष्य ज्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही असं काहीतरी.

‘गिफ्टहॉयब्लिंग,’ ते म्हणाले. शास्त्रीय नाव गॅलेरिना मार्जिनाटा. हिरव्या रंगाच्या कुप्रसिद्ध ‘डेथ कॅप’मध्ये जे विष असतं तेच हिच्यात. एकाने पाऊल मागे घेतलं. आजोबा हसले. हात लावल्याने काही होत नाही, पोटात गेल्यावरच होतं. मग त्यांनी एक छत्री देठाच्या तळापासून शेवाळासकट उपटली आणि सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली. पिठाचा वास, थोडा शिळा. मला स्पष्ट आला. शेजारच्या बाईंना काहीच आला नाही.

३ ऑक्टोबर

सुट्टी. जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, बाहेर झेंडेबिंडे फारसे नाहीत. टेबलावर कालच्या तीन छत्र्या.

सकाळी फ्रिजमधून काढल्या तेव्हा गडद तपकिरी होत्या. हीटरजवळ ठेवल्या आणि जेवणाच्या वेळेपर्यंत फिक्या पिवळट झाल्या, कडेच्या रेघाही गेल्या. छत्री तीच, सकाळ आणि दुपार एवढाच फरक. या जातीची टोपी पाणी धरते आणि सोडते, तसा रंग बदलतो. पुस्तकातलं चित्र पावसानंतरचं असेल आणि जंगलात वाऱ्याचा दिवस असेल, तर चित्राचा उपयोग शून्य. फोनमधली ती ओळखणारी ॲपं मला म्हणूनच आवडत नाहीत. ती टोपीचा फोटो मागतात, म्हणजे नेमकी जी गोष्ट दर तासाला बदलते तीच.

हिची जुळी म्हणावी अशी एक खाण्याजोगी छत्री आहे, श्टॉकश्वेमशेन. इथे तिचं सूप करतात. तीही लहान, तपकिरी, लाकडावर, वळं असलेली, पाणी धरणारी. वाळताना टोपीचा मध्य फिका पडतो आणि कडेला गडद पट्टा राहतो, त्यामुळे दुरंगी दिसते. खरा फरक देठावर: वळ्याच्या खाली श्टॉकश्वेमशेनला उभारलेले गडद खवले असतात, बोटाला खरखरीत लागतात. गिफ्टहॉयब्लिंगला तिथे खवले नसतात. चंदेरी पांढरे तंतू उभे चिकटलेले, आणि तळाकडून देठ काळपट होत जातो. पुस्तकात हे दोन वाक्यांत संपतं. पण पावसाने खवले झडतात, वळं गळतं, म्हाताऱ्या छत्रीवर दोन्हींचा मागमूस उरत नाही.

रात्री टोप्या काचेवर पालथ्या घालून वर वाट्या झाकल्या.

५ ऑक्टोबर

काचेवर गंजाच्या रंगाची भुकटी उमटली, कल्ल्यांची नक्षी तशीच. आजोबांकडून मागून आणलेल्या श्टॉकश्वेमशेनचीही भुकटी तपकिरीच, किंचित दालचिनीकडे झुकणारी. या रंगावर मी पैज लावणार नाही.

संध्याकाळी प्रयोगशाळेत सगळे गेल्यावर सूक्ष्मदर्शक घेतला. काचेवर तेलाचा थेंब, हजारपट. ही तेलाची युक्ती याच गावातली: १८७८ मध्ये एर्न्स्ट आबे यांनी त्झाइस यांच्या कारखान्यासाठी तेलात बुडणारी भिंगं सिद्ध केली. एका काचपट्टीवर आजोबांच्या छत्रीचे बीजाणू, लहान, गुळगुळीत, एका टोकाला कापल्यासारखं छिद्र. दुसरीवर गिफ्टहॉयब्लिंगचे, थोडे मोठे, साधारण ९ मायक्रॉन लांब, बदामी आकाराचे आणि पाठभर खडबडीत. बुंध्याजवळ एक छोटा भाग तेवढा गुळगुळीत. फोकस वरखाली केला की खडबडीतपणा उठून दिसतो.

पाऊस हे धुऊ शकत नाही. छत्री वाळो, कुजो, चिरडो, बीजाणूची पाठ तशीच राहते. प्रश्न एवढाच, की जंगलात टोपली घेऊन फिरणारा कोण हे खिशात बाळगतो?

त्याच खोलीतल्या फ्रीजरमध्ये आमची अमॅनिटिनची कुपी आहे, एक मिलिग्रॅमची. पेशीत आरएनए पॉलिमरेज-२ नावाचं यंत्र डीएनएवरून संदेशाची नक्कल काढत असतं. अमॅनिटिन त्या यंत्राला जाऊन चिकटतं आणि नक्कल थांबवतं. आम्हाला नेमकं तेच थांबवून बघायचं असतं, म्हणून हे विष आमच्या कामाचं. वर्षानुवर्षं हातमोजे घालून ती कुपी हाताळते आहे; तिच्यातला पदार्थ खुंटावर पावसात उगवलेला रविवारी प्रथम पाहिला.

८ ऑक्टोबर

वायमारचा कांदेबाजार. वेण्या घातलेले कांदे, कांद्याचा केक, गर्दी, सगळीकडे तोच वास. एक म्हातारी विक्रेती सांगत होती, छत्र्यांच्या भांड्यात कांदा टाकायचा, काळा पडला तर विषारी. कांद्यांची एक वेणी घेतली.

९ ऑक्टोबर, रविवार

वरच्या मजल्यावर विदर्भातली दोन मुलं राहतात, एमएस करणारी. दुपारी बेल वाजली. हातात आइस्क्रीमचा मोठा डबा, गच्च भरलेला.

‘ताई, हे पाहा ना. ॲप म्हणते खायचं आहे. श्टॉक काहीतरी.’

त्यातला एक गडचिरोलीकडचा. त्याला छत्र्यांची भीती नाही, लहानपणापासून सात्या खाल्लेल्या. पावसाळ्यात वारुळावर उगवतात त्या. बाजारात भावही चांगला मिळतो. तो म्हणाला, सात्या ओळखायला काय लागतं? वारूळ दिसलं, खणलं, देठ खोल आत गेलेला दिसला, झालं. बरोबर आहे त्याचं. ती बुरशी वाळवीच्या घरातच वाढते, देठ मुळासारखा तिथपर्यंत पोहोचतो. तिथे जागाच साक्ष देते. इथे जागा साक्ष देत नाही. एकाच खुंटावर दोघी येऊ शकतात.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून डबा उलटा केला. बहुतेक दुरंगी, चांगल्या श्टॉकश्वेमशेन दिसत होत्या. पण सगळ्या चाकूने कापलेल्या, टोपीखाली बोटभर देठ ठेवून. कुणी तरी त्यांना सांगितलं होतं, उपटायचं नाही, कापायचं, म्हणजे बुरशीचं नुकसान होत नाही. खायची छत्री ओळखून झाली की कापायला हरकत नाही. ओळखायच्या आधी कापली तर खवल्यांचा भाग, तळ, लाकूड, सगळा पुरावा जंगलातच राहतो.

एकेक उचलून बाजूला ठेवत गेले. ज्यांच्या देठाच्या तुकड्यावर खवले दिसले त्या डावीकडे. उजवीकडचा ढीग लहान होता, तरी होता. त्यांतल्या काही ओलसर, एकरंगी, मधाळ. एकीचा वास घेतला. पीठ.

‘मग डावीकडच्या तरी करू ना ताई,’ दुसरा म्हणाला.

नाही म्हटलं. डब्यात सगळ्या एकमेकींत कुस्करल्या होत्या, तुकडे मोडलेले. कुठला तुकडा कुणाचा हे कोण सांगणार? पूर्ण डबा फेकायचा, उजवीकडच्या चार मला ठेवायच्या. गडचिरोलीवाल्याला ते पटलं नाही. अन्न आहे, तो म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. दोन तास वाकून वेचलेलं कचऱ्यात टाकताना कुणालाही लागेल. मी पिठलं केलं. तिघं जेवलो, वायमारचे कांदे फोडून.

१० ऑक्टोबर

चारही छत्र्यांचे बीजाणू खडबडीत.

१२ ऑक्टोबर

ज्याने हिला पहिलं शास्त्रीय नाव दिलं तो याच गावचा निघाला. आउगुस्ट बाट्श, जन्म येना १७६१, इथेच प्राध्यापक, मृत्यूही इथेच, चाळिशीत. बुरशींवरच्या त्याच्या ग्रंथाचे भाग १७८३ ते १७८९ मध्ये निघाले, रंगीत चित्रांसह. शेवटच्यात, १७८९ साली, ही ‘अगॅरिकस मार्जिनाटस’ म्हणून येते. आज ग्रंथालयाच्या पडद्यावर पानं उलटली. सूक्ष्मदर्शकी बीजाणूंचं नाव नाही, विषाचा पत्ता कुणालाच नव्हता. डोळा आणि हात एवढ्यावर त्याने ती वेगळी काढली, हे मला अफाट वाटतं.

हाच बाट्श गटेच्या पाठिंब्यावर १७९४ मध्ये इथली वनस्पतिबाग उभी करतो. त्याने काढलेल्या निसर्गसभेच्या बैठकीतून बाहेर पडतानाच गटे आणि शिलर बोलू लागले आणि त्यांची मैत्री जमली, ही हकिगत इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गटेने शिलरच्या घरी सगळ्या वनस्पतींचा मूळ नमुना कागदावर रेखाटून दाखवला. शिलर म्हणाला, हा अनुभव नव्हे, ही कल्पना आहे. गटे दुखावला. माझं मत शिलरकडे. वरच्या मुलांच्या फोनमध्येही श्टॉकश्वेमशेनची कल्पना होती, आणि डब्यात होत्या त्या छत्र्या.

नावांची पुढची कथा लांबलचक आहे, थोडक्यात लिहून ठेवते. फ्रान्सच्या रोबेर क्यूनेरने १९३५ मध्ये हिला गॅलेरिनात आणलं. अमेरिकेत पेकने १८७२ मध्ये ‘शरदातली’ म्हणून वेगळी जात वर्णिली होती. तिच्यासारख्या आणखीही काही निघाल्या. २००१ मध्ये नॉर्वेच्या ग्रो गुल्डेन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला तेव्हा त्यांतल्या बऱ्याच एकच ठरल्या. आणि गंमत अशी, की १९४६ मध्ये श्टॉकश्वेमशेनसाठी जी नवी प्रजाती केली तिला क्यूनेरचंच नाव दिलं, क्यूनेरोमायसिस. विष आणि सूप, दोघींच्या कागदपत्रांत हा एकच माणूस.

१६ ऑक्टोबर, रविवार

मुलांना घेऊन आजोबांबरोबर मुलांच्या वेचण्याच्या जागेवर गेलो. कापलेले देठ अजून उभे होते, त्यामुळे जागा चुकायचा प्रश्न नव्हता. आडवा पडलेला बीचचा ओंडका, त्यावर श्टॉकश्वेमशेनचे झुबके, आठवडाभरात नव्याने आलेले. ओंडक्याचं एक टोक एका जुन्या खुंटाला टेकलेलं, दोघांवर मिळून एकच शेवाळाची गादी. खुंटाच्या बाजूला, त्याच शेवाळातून, गिफ्टहॉयब्लिंग. त्यांनी वेचता वेचता सरळ ओंडक्यावरून खुंटावर हात नेला होता. कुणाच्याही हातून तसंच झालं असतं.

आजोबांनी गडचिरोलीच्या मुलाला दोन्हीकडून एकेक छत्री तळापासून उपटायला लावली. बोट देठावरून वर फिरवायला सांगितलं. खरखर. मग दुसरीवर. गुळगुळीत. पुन्हा पहिलीवर. त्याने डोळे मिटून चार-पाचदा केलं. मला म्हणाला, ताई, हे जमते. आजोबांनी विचारलं काय म्हणाला, मी सांगितलं. ‘आज जमलं,’ ते म्हणाले, ‘खवले ताजे आहेत. मोठ्या पावसानंतर पुन्हा येऊन बघ.’

ते स्वतः श्टॉकश्वेमशेन खातात. प्रत्येक छत्री वेगळी तपासून, झुबक्यात हात घालून ओरबाडत नाहीत. नवशिक्यांना मात्र ठाम नाही सांगतात. परत येताना वाल्टर लुथार्ट यांची गोष्ट निघाली. थुरिंगियातल्याच श्टाइनाखचे, पूर्व जर्मनीत त्यांनी बीचच्या लाकडावर बुरशी मुद्दाम वाढवण्याचं तंत्र बसवलं. काही बुरशी खाण्यासाठी, श्टॉकश्वेमशेन त्यांतलीच; काही लाकूड मऊ करण्यासाठी. असं मऊ केलेलं बीच पेन्सिलीला वापरत. आजोबा शाळेत असताना त्या पेन्सिली होत्या का हे विचारायचं राहिलं.

२० ऑक्टोबर

विषबाधेचं वाचत होते. या विषाचा घातकपणा त्याच्या संथपणात आहे. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. चव वाईट नसते म्हणतात. मग उलट्या, जुलाब, पोटात पिळवटून कळा. दुसऱ्या दिवशी उतार पडतो, माणूस उठून बसतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तेवढ्या वेळात यकृताच्या पेशी नक्कल काढू न शकल्याने मरत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्त गोठेनासं होणं, शुद्ध हरपणं.

शिजवून, वाळवून, गोठवून विष जात नाही. प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलोला साधारण ०.१ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम, म्हणजे आमच्या फ्रीजरमधल्या सहा कुप्या. गिफ्टहॉयब्लिंगच्या ताज्या एका ग्रॅमात ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम धरलं तर ३० ते ६० ग्रॅम. एका माणसापुरती भाजीची वाटीसुद्धा नाही. लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी पुरतं.

उपाय आहेत, पण वेळेवर. कोळशाची भुकटी, शिरेतून पाणी आणि क्षार, मिल्क थिसलच्या बियांतलं सिलिबिनिन (ते विषाला यकृताच्या पेशीत शिरू देत नाही), आणि शेवटी यकृत बदलणं. संशय आला तर लक्षणांची वाट न बघता विषमाहिती केंद्राला फोन; आमच्या भागासाठी ते एरफुर्टला आहे. आणि उरलेलं अन्न, साली, देठ, अगदी उलटीसुद्धा, फेकायची नाही. सल्लागार त्यातले बीजाणू बघून जात सांगतात. आजोबांनाही रात्री-अपरात्री रुग्णालयातून असे डबे आलेले आहेत. त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत.

हा परिच्छेद छापून जिन्यात लावायचा विचार आहे. इमारतीत निम्मे विद्यार्थी बाहेरून आलेले.

२४ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. पणत्या खिडकीत, चकल्या बऱ्या झाल्या. आईचा व्हिडिओ कॉल. छत्र्यांचं सांगितलं तर ती घाबरली आणि लगेच उपायही सांगितला: ‘तुझी आजी आळंबीत लसणाची पाकळी टाकायची. काळी पडली की सगळं ओतून द्यायची.’ वायमारला कांदा, कोकणात लसूण, आणखी कुठे चांदीचा चमचा. अमॅनिटिनला यांतल्या कशाचंच सोयरसुतक नाही. त्यामुळे लसूण पांढरी राहिली तर भरवसा वाढतो, आणि तोच धोका. आजीला कधी बाधा झाली नाही, कारण ती वारुळावरची आळंबी ओळखत होती आणि तेवढीच आणत होती. लसूण चवीला. आईला हे मान्य झालं नाही. ‘तू तुझ्या यंत्रात बघ,’ म्हणाली, ‘पण लसूण टाकच.’

रसायनशास्त्रज्ञांचाही एक लसूण आहे, आईला तो सांगितला असता तर ती खूश झाली असती. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर छत्रीचा रस पिळायचा, वाळू द्यायचा, त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. अमॅनिटिन असेल तर कागदातल्या लिग्निनबरोबर निळा डाग उठतो. चांगल्या पांढऱ्या कागदावर होत नाही, हलकाच कागद हवा. पण इतर काही छत्र्याही निळा देतात, आणि विष थोडं असेल तर काहीच उठत नाही. जेवायचं ठरवण्यासाठी ही चाचणी नव्हे. शुक्रवारी धूर ओढणाऱ्या कपाटात करून पाहिली होती: आदल्या रविवारच्या एका छत्रीचा डाग पाच-दहा मिनिटांत निळसर, दुसरीचा नाही. दोन्ही एकाच खुंटावरच्या.

३१ ऑक्टोबर

सुट्टी, धर्मसुधारणा दिन. मुलं आणि आजोबा घरी आले, नमुने वाळवून पाकिटात भरायला. येनातल्या हाउसक्नेश्ट वनस्पतिसंग्रहात लाखो पाकिटं आहेत. आमचं एक पाकीट तिथे जाईल न जाईल, पण आजोबांचा आग्रह आहे की लिहायचं तर तिथे ठेवता येईल असं लिहायचं. तारीख, जागा, उंची, कुणी वेचलं, कुणी ओळखलं, वास, आणि कशावर उगवलं. लाकडाचं नाव नसेल तर पाकीट म्हणजे रद्दी, इति आजोबा.

इथे अडलं. खुंट कशाचा? साल गळून गेलेली, आत सगळं भुसभुशीत. आजोबा म्हणाले स्प्रूस, आजूबाजूला सगळे स्प्रूस आहेत. गडचिरोलीच्या मुलाने एकदम पाइन म्हटलं. कशावरून? त्याला तिथे राळेचा वास आला होता. आजोबा म्हणाले, इतक्या कुजलेल्या लाकडाला? मुलगा हटेना. गेल्या खेपेला त्याने खुंटाचा एक तुकडा जाकिटाच्या खिशात घातला होता, तो त्याने टेबलावर ठेवला.

ते गेल्यावर त्याचा पातळ उभा काप घेतला. किरणपेशी जिथे तंतूंना ओलांडतात तिथे स्प्रूसमध्ये बारीक छिद्रं असतात, पाइनमध्ये एकेक मोठी चौकोनी खिडकी. खिडक्या होत्या.

पाकिटावर ‘पाइनचा खुंट’ लिहिलं. आजोबांना अजून कळवलेलं नाही. मंगळवारी मंडळाची बैठक आहे, तिथे मुलालाच सांगू देते.